सोळा दिवसांना एक पुस्तक

ढोकीच्या आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. आजोबा तेरणा साखर कारखान्यात होते. गळीत हंगामात रात्रपाळी लागली की डोळा लागू नये म्हणून खिशात एक लहानसं पुस्तक ठेवायचे. काही पुस्तकं छोट्या रेल्वेच्या काळात कुर्डुवाडी स्टेशनवर घेतलेली. परवा सेमिस्टर संपवून घरी गेलो, ट्रंक उघडली, तर सगळ्यांवर नाव एकच... बाबुराव अर्नाळकर!

मित्रांनो, हे त्यांचं खरं नाव नव्हे बरं का. माणूस चंद्रकांत सखाराम चव्हाण. विरारजवळच्या किल्ल्याच्या अर्नाळा गावाचं नाव त्यांनी लावलं आणि चव्हाण त्यामागे असे लपले की मलासुद्धा ते आत्ता कळलं. गिनेस बुकात त्यांची नोंद झाली: 1936 ते 1984 या काळात 1092 रहस्यकथा, प्रत्येक स्वतंत्र पुस्तकरूपात. इंजिनिअर माणूस, मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. सरासरी दर सोळा दिवसांना एक पुस्तक, तेही 48 वर्षं! आणि आपल्याला चार महिन्यांत एक जर्नल पूर्ण होत नाही.

इंग्लंडात जॉन क्रीझी नावाचे असेच एक लेखक होऊन गेले. सुमारे सहाशे पुस्तकं, पण ती तब्बल 28 टोपणनावांनी. एकाच लेखकाची वर्षाला डझनभर पुस्तकं आली तर वाचक कंटाळेल, अशी तिकडच्या प्रकाशकांना भीती. आपल्या बाबुरावांनी उलटं केलं. लेखकाचं नाव एकच ठेवलं आणि नायक बदलले. धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार आणि त्याची विजया, शिवाय काळापहाड. आजोबा नवं पुस्तक मागताना लेखकाचं नाव घ्यायचेच नाहीत. नवा झुंजार आलाय का, एवढंच विचारायचे.

साहित्याच्या चर्चेत अशा पुस्तकांना मान नव्हता. लायब्ररीतही ती वाचून वाचून फाटायची आणि रद्दीत जायची. मला याचंच वाईट वाटतं. कारण आजोबा चौथी शिकलेले. पुढे ते रोज पेपर वाचायचे, वडिलांचे शाळेचे फॉर्म स्वतः भरायचे. ती वाचायची सवय कुठल्या पाठ्यपुस्तकानं नाही, झुंजारनं लावली. 1996 साली बाबुराव गेले, नव्वदीच्या घरात. अलीकडे त्यांच्या निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या, पण हजारांपुढे निवडक म्हणजे किती?

ट्रंकेतलं एक पुस्तक मी सोबत हॉस्टेलवर आणलंय. मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव कळत नाही. शेवटची पानं उंदरानं खाल्लीत. धनंजयनं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलंय, छोटू दाराशी उभा आहे, आणि पुढे काहीच नाही! आपल्या कॉलेजात कुणाच्या घरी अशी जुनी पुस्तकं असतील तर सांगा, मी स्वतः येऊन शोधतो. खून नोकरानं केला नाही, एवढं मात्र मी पैजेवर सांगतो.