भारूड रचणारे पैठणचे नाथ : विद्यापीठाच्या मंचावर आजही उभी राहणारी सोंगं

छत्रपती संभाजीनगर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव आला की छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या कॉलेजांत तालमी सुरू होतात. पोवाडा, लावणी, जलसा असतोच, सोबत भारूडही असतं. कुणी विंचू चावल्यागत लोळतं, कुणी वासुदेव होतं, कुणी भुत्या. ही सोंगं ज्यांनी अजरामर केली ते संत एकनाथ विद्यापीठापासून पन्नास किलोमीटरवरच्या पैठणचे. त्यांना जाऊन सव्वाचारशे वर्षं झाली.

नाथांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा मानतात. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघंही लवकर गेले आणि पोरक्या एकनाथाला आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. पणजोबा भानुदास मोठे विठ्ठलभक्त. विजयनगरला गेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनीच पंढरीला परत आणली, असं वारकरी सांगतात.

देवगिरीवर हिशेब आणि अभ्यास

लहान वयातच एकनाथ घर सोडून देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला गेले. तिथले जनार्दनस्वामी निजामशाहीत किल्ल्याचा कारभार बघत आणि अध्यात्मातही मोठे होते. त्यांनी एकनाथांना शिष्य केलं आणि हिशेबाचं कामही दिलं. एकदा हिशेबात एका पैचा फरक पडला. एकनाथ रात्रभर जागले आणि चूक सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, अशी गोष्ट आहे. अशीच एकाग्रता देवाकडे लाव, असं गुरूंनी त्यांना समजावलं म्हणतात.

पुढे पैठणला येऊन त्यांनी गिरिजाबाईंशी संसार थाटला. घर सोडून संन्यास घेतला नाही. मुलगा हरिपंडित, मुली गोदा आणि गंगा. कवी मुक्तेश्वर हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव.

लेखनाचं काम तर डोंगराएवढं. भागवतावरचा मराठी ग्रंथ १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाला. संस्कृत सोडून मराठीत लिहिलं म्हणून तिथल्या पंडितांनी आधी विरोध केला, असं परंपरा सांगते. हातोहात नकलून ज्ञानेश्वरीत चुका शिरल्या होत्या. अनेक प्रती ताडून नाथांनी १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. आज घरोघरी वाचली जाणारी ज्ञानेश्वरी त्या कष्टावर उभी आहे.

भारूड कशासाठी?

जाडजूड ग्रंथ शेतात राबणाऱ्या माणसापर्यंत कसा जाणार? नाथांनी त्याला तोड काढली. गावात येणारे वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या यांची बोली आणि सोंग घेतलं. वर हसू, आत शिकवण. विंचू म्हणजे माणसातला काम आणि क्रोध, आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. जोहार नावाच्या रचनांत तर त्यांनी महाराच्या तोंडून ज्ञान सांगितलं. हिंदू आणि तुर्क यांचा वादही लिहिला, त्यात शेवटी दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतात.

पैठण म्हणजे त्या काळी शास्त्री-पंडितांचं गाव. तिथं नाथांनी श्राद्धाचं अन्न ब्राह्मणांआधी दलितांना वाढलं, गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं लेकरू कडेवर घेतलं, अशा कथा घराघरांत आहेत. त्यावरून गावात बोलणी बसली. खुद्द मुलगा हरिपंडित वडिलांचं मराठी प्रवचन आणि हे वागणं न पटून काशीला निघून गेला, असं सांगतात. बाप-लेकाचा तो वाद नंतर मिटला.

बाबासाहेबांचा सवाल

या कथांवर प्रभात फिल्म कंपनीनं १९३५ मध्ये 'धर्मात्मा' काढला. बालगंधर्वांनी त्यात एकनाथ केले. आधीचं नाव 'महात्मा' होतं, ते सेन्सॉरमुळे बदलावं लागलं.

त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गांधीजींना दिलेल्या उत्तरात याच सिनेमाचा उल्लेख करून नाथांबद्दल परखड मत मांडलं. एकनाथ अस्पृश्यांना शिवले, त्यांच्यात जेवले, पण ते जातीच्या विरोधात होते म्हणून नव्हे. विटाळ गंगेच्या स्नानानं धुऊन निघतो, अशी त्यांची समजूत होती, असं बाबासाहेबांचं म्हणणं. देवापुढं सगळे सारखे म्हणणं वेगळं आणि माणसामाणसांत समता आणणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा होता.

१४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, तेही मोठ्या संघर्षानंतर. त्याच विद्यापीठाच्या मंचावर नाथांचं भारूड होतं आणि आंबेडकरी जलसाही होतो. दोन्ही बघणाऱ्याला हा सवाल टाळता येत नाही.

फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ साली नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्यांचं भावार्थ रामायण अपुरं राहिलं, ते शिष्य गावबानं पूर्ण केलं. नाथषष्ठीला पैठणला आजही दिंड्या येतात. २०२१ पासून विद्यापीठामार्फत पैठणलाच संतपीठ सुरू झालं आहे.

भारूड मात्र वर्गात बसून राहिलं नाही. आज कॉलेजची पोरं त्याच चालीवर हुंडा, व्यसन, शेतकरी आत्महत्या असे विषय मांडतात. सोंग जुनंच, पण विंचू आता दुसरा आहे.