आखूड लहरींचे शोधक : जगदीशचंद्र बोस

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. केंब्रिज येथील शिक्षण पुरे करून ते १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या काळी हिंदी प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकापेक्षा कमी वेतन देण्याची रीत होती. विद्या तीच, श्रमही तेच. मग वेतनात भेद का? जगदीशचंद्रांना हा अन्याय सहन झाला नाही. ते नित्यनियमाने शिकवीत. वेतनाला मात्र हात लावीत नसत. वडिलांच्या डोक्यावर कर्जाचा भार असतानाही तीन वर्षे त्यांनी हा निर्धार पाळला. अखेर सरकार नमले आणि मागील सर्व वेतन त्यांना पुऱ्या दराने मिळाले.

१८९४ साली त्यांनी विद्युत्-लहरींच्या संशोधनास आरंभ केला. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत; तथापि प्रकाशाप्रमाणेच त्या परावर्तित होतात व वळतात, हे हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने पूर्वीच दाखविले होते. परंतु हर्ट्‌झ यांच्या लहरी लांब होत्या. त्या वळविण्यासाठी त्यांना डांबराचा अवजड लोलक घ्यावा लागला. जगदीशचंद्रांजवळ तर कॉलेजातील एक लहानशी खोली तेवढी होती. लहर आखूड असेल, तर उपकरणही लहान पुरते, हे त्यांनी ओळखले. पत्र्याचे काम करणाऱ्या एका साध्या कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडविली व अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी उत्पन्न केल्या. त्या गोळा करण्यासाठी त्यांनी कर्ण्याच्या आकाराची नळी योजिली. १८९५ साली कलकत्त्यात त्यांनी तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखविली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपले प्रयोग सादर केले.

पुढे ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात संशोधनमंदिर स्थापन केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मिलिमीटर-लहरी मात्र पुन्हा कामी आल्या. २०१९ पासून काही मोबाइल फोन सुमारे एक सेंटिमीटर व त्याहून थोड्या आखूड लहरींचा उपयोग करू लागले. अशी लहर दूर जाताना क्षीण होते; हाताच्या आडोशानेही अडते. परंतु लहर आखूड, म्हणून तिची अँटेनाही इवलीशी. त्यामुळे फोनच्या कडेला अशा अनेक अँटेना एका ओळीत बसविता येतात. एकटीचे बळ थोडे असते. सर्वांनी योग्य मेळ राखून लहरी सोडल्या, म्हणजे त्या एका दिशेस एकवटतात. त्यांच्या सुटण्याच्या वेळांत किंचित फरक केला, की ती दिशाही बदलते. हात एका बाजूला आड आला, तर दुसऱ्या बाजूची ओळ काम करते.

अनेक अँटेनांची ही योजना पुढील शास्त्रज्ञांची आहे. परंतु लहर आखूड करून साधन लहान करण्याची वाट जगदीशचंद्रांनी एका लहानशा खोलीतून चोखाळली होती. साधने तुटपुंजी म्हणून ते कधी थांबले नाहीत, आणि अन्यायापुढे कधी वाकले नाहीत.