छायाचित्रकार महाराजा सवाई रामसिंह

जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे हे १८३५ साली अगदी बालवयात गादीवर आले. पुढे त्यांनी प्रजेसाठी कलाशाळा काढली व १८६८ साली रामनिवास बाग उभारली. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी शहराला गुलाबी रंग देण्यात आला, तोही त्यांच्याच काळात. मात्र त्यांचा खरा छंद छायाचित्रणाचा होता.

त्या काळी छायाचित्र काढणे अतिशय कष्टाचे होते. काचेच्या पट्टीला कलोडियन नावाचे चिकट द्रव्य लावून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे. पट्टी ओली असतानाच चित्र टिपून ते लगेच अंधारात धुवावे लागे. राजस्थानच्या कोरड्या, उष्ण हवेत ती काही मिनिटांतच वाळे. म्हणून उघड्यावरचे दृश्य टिपायचे, तर कॅमेऱ्यासोबत अंधारा तंबू, रसायने आणि पाणीही न्यावे लागे. त्या क्षाराने बोटे काळी पडत. पदरी माणसे असूनही महाराजांनी ही विद्या स्वतः आत्मसात केली. राजवाड्यात त्यांनी फोटोखाना थाटला.

त्यांनी आपल्या नगरीची दृश्ये टिपली, तसेच शिवभक्ताच्या वेषात स्वतःचे चित्रही घेतले. परपुरुषाच्या दृष्टीस न पडणाऱ्या जनानखान्यातील स्त्रियांनाही त्यांनी सन्मानाने कॅमेऱ्यासमोर बसविले. त्या स्त्रियांचे चेहरे इतिहासाला केवळ या चित्रांमुळे लाभले.

१८८० साली महाराजांचे निधन झाले. त्यांच्या काचपट्ट्या जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. सत्ता वारशाने मिळते; विद्या मात्र राजालाही कष्टानेच मिळवावी लागते.