बेटावरच्या बाई : सेप्टिमा क्लार्क

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव प्रथम ओठांवर येते. थोडे अधिक वाचलेला मनुष्य माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे नाव घेईल. परंतु मतदार नोंदणीच्या कचेरीपुढे रांगा लावून उभ्या राहिलेल्या हजारो शेतमजुरांना, मोलकरणींना आणि कोळ्यांना स्वतःचे नाव लिहायला कोणी शिकवले, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. राज्यशास्त्राचा अभ्यास करताना मला तो पडला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी एका शाळामास्तरणीपाशी येऊन पोहोचले. त्यांचे नाव सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क. आपल्याकडे शिक्षिकेला ‘बाई’ म्हणण्याची रीत आहे. मीही त्यांना क्लार्कबाईच म्हणणार आहे.

क्लार्कबाईंचा जन्म 3 मे 1898 रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन या बंदराच्या शहरी झाला. वडील पीटर पॉइन्सेट हे जन्माने गुलाम. आई व्हिक्टोरिया लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या मुक्ततेने जी माणसे मोकळी झाली त्यांतलेच एक पीटर पॉइन्सेट होते. परंतु बेडी तुटली म्हणजे माणूस नागरिक झाला असे नव्हे. 1870 साली घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार मिळाला खरा. पण 1895 साली साउथ कॅरोलायनाने नवी राज्यघटना केली आणि तीत एक मेख मारून ठेवली. मतदाराला राज्यघटनेचे कलम वाचता-लिहिता आले पाहिजे, नाहीतर त्याच्यापाशी तीनशे डॉलरांची कर भरलेली मालमत्ता पाहिजे! ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षराला शिवू दिले नाही, त्यांचीच अक्षराची परीक्षा घ्यायची, आणि परीक्षकही गोराच. दाराला कुलूप लावून किल्ली आपल्याच खिशात ठेवावी, असा हा प्रकार होता.

आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुलीला शिकवले. चार्ल्सटनच्या एव्हरी नॉर्मल इन्स्टिट्यूटमधून 1916 साली त्या शिक्षिकेची परीक्षा उतरल्या. पण शहराच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना थारा नव्हता. काळ्या मुलांनाही गोरेच शिक्षक शिकवीत. म्हणून अवघ्या अठराव्या वर्षी या मुलीने होडीत बसून जॉन्स बेट गाठले. तिथल्या शाळेत दोन शिक्षिका आणि मुले एकशे बत्तीस! दोघींचा मिळून महिन्याचा पगार साठ डॉलर. समोरच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिच्यात तीन मुले, एक शिक्षिका आणि तिचा एकटीचा पगार पंच्याऐंशी डॉलर. हे गणित क्लार्कबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

दिवसा मुलांना शिकवून झाले की संध्याकाळी मोठी माणसे येत. कुणाला धर्मग्रंथ वाचायचा असे, कुणाला सभेत चार शब्द बोलायचे असत. फळा-पुस्तकांची वानवा होती, तेव्हा कागदी पिशव्या फाडून त्यांवर बाई धडे लिहीत आणि भिंतीला टांगत. पुढे चाळीस वर्षांनी जे काम त्यांच्या हातून व्हायचे होते, त्याचे बीज या पिशव्यांवर पडले होते.

1919 साली त्या चार्ल्सटनला परतल्या. शहरातल्या शाळांत काळ्या शिक्षकांना घ्यावे, या मागणीसाठी दारोदार हिंडून सह्या गोळा करण्यात त्या होत्या. एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने हे काम हाती घेतले होते. 1920 साली मागणी मान्य झाली. त्याच वर्षी नेरी क्लार्क या आरमारातील खलाशाशी त्यांचा विवाह झाला. संसारसुख मात्र फार काळ लाभले नाही. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. 1925 साली पतीही वारले. पदरी एक मुलगा आणि हाती तुटपुंजा पगार. शेवटी मुलाला आजी-आजोबांकडे नॉर्थ कॅरोलायनात ठेवून बाई नोकरीसाठी एकट्या राहिल्या. सार्वजनिक कार्य करणाऱ्या स्त्रीला त्यासाठी घरातले काय द्यावे लागते, हे चरित्रांतून बहुधा वगळले जाते. म्हणून मुद्दाम लिहिले.

पुढे कोलंबिया शहरात नोकरी करता करता त्यांनी सुट्यांतून शिकत 1942 साली बी.ए. आणि 1946 साली एम.ए. केले. काळ्या व गोऱ्या शिक्षकांना समान वेतन मिळावे म्हणून 1945 साली तिथे खटला झाला. थर्गुड मार्शल हे वकील होते. त्या कामात बाईंनी हिरिरीने साहाय्य केले आणि खटला जिंकला गेला.

आता त्यांच्या आयुष्यातील कसोटीच्या वर्षाकडे वळू. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला, आणि दक्षिणेतील गोरे सत्ताधारी चवताळून उठले. 1956 साली साउथ कॅरोलायनाने कायदा केला की एन.ए.ए.सी.पी.चा सभासद असलेल्यास सरकारी नोकरी मिळणार नाही. बहुतेकांनी सभासदत्व लपवले. बाईंनी लपवले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर निवृत्तिवेतनही गेले. वय अठ्ठावन्न.

पण याहून जिव्हारी लागणारी गोष्ट निराळीच होती. त्या कायद्याचा निषेध करावा म्हणून त्यांनी सातशे सव्वीस काळ्या शिक्षकांना आपल्या सहीची पत्रे धाडली. उत्तरे आली सव्वीस. अधिकाऱ्यांना भेटायला येतो असे अकरा जण म्हणाले. प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी मिळून पाच माणसे जमली. सुशिक्षितांनी, ज्यांना लिहिता-वाचता येत होते त्यांनीच, मान खाली घातली! दुसरे कोणी असते तर त्या शिक्षकांना भेकड म्हणून मोकळे झाले असते. क्लार्कबाईंनी दोष स्वतःच्या पदरी घेतला. लोकांची मनाची तयारी झालेली नसताना आपण त्यांना ओढू पाहिले, असे त्यांचे मत झाले. मला त्यांच्या चरित्रातील हे पान सर्वांत मोलाचे वाटते. पुढे त्यांनी जे केले ते या एका पराभवाच्या धड्यावर उभे आहे. आधी शिकवायचे, मग चालायला सांगायचे.

टेनेसी राज्यातील माँटीगल येथे माइल्स हॉर्टन यांची हायलँडर फोक स्कूल नावाची संस्था होती. काळे-गोरे तिथे एका पंगतीला बसत, ही त्या काळी तिकडे अघटित गोष्ट होती. 1955 च्या उन्हाळ्यात क्लार्कबाईंच्या तिथल्या शिबिराला रोझा पार्क्स आल्या होत्या. त्यानंतर काही महिन्यांतच माँटगोमेरीचा प्रसंग घडला. नोकरी गेल्यावर हॉर्टन यांनी बाईंना हायलँडरमध्ये कामाला घेतले.

इकडे जॉन्स बेटावर एसॉ जेन्किन्स नावाचा एक कर्ता गृहस्थ होता. बेटावरच्या मजुरांना तो आपल्या बसने चार्ल्सटनला नेई. त्याच्या बसमधल्या अॅलिस वाइन नावाच्या बाईने त्याला मत देता येईल इतके शिकव, अशी गळ घातली. जेन्किन्सने घटनेतील कलमे टंकलिखित करून उतारूंना वाटली. अॅलिसबाईंनी तो मजकूर चक्क तोंडपाठ केला आणि नोंदणी अधिकाऱ्यापुढे घडाघडा म्हणून दाखवून नाव नोंदवले! परंतु पाठांतर म्हणजे वाचन नव्हे, हे त्या स्वतः जाणून होत्या. त्यांना खरेखुरे वाचायचे होते.

यातून 7 जानेवारी 1957 रोजी पहिली ‘नागरिकत्व शाळा’ सुरू झाली. हायलँडरने दिलेल्या कर्जातून बेटकऱ्यांनी एक जुनी इमारत घेतली. पुढे वाण्याचे दुकान थाटले आणि मागच्या खोलीत वर्ग भरवला. म्हणजे गोऱ्यांचा संशय नको. शेतीची कामे नसतात अशा जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्यातून दोन रात्री वर्ग. शिकवायला कोण? क्लार्कबाईंनी आपली नात्यातली बहीण बर्निस रॉबिन्सन हिची निवड केली. ती केशरचनेचा व शिवणाचा व्यवसाय करी. निवडीत दुहेरी शहाणपण होते. शिकलेला मास्तर अडाणी माणसावर डाफरतो, ही डाफरणार नाही. शिवाय तिची गिऱ्हाइके सगळी काळीच, तेव्हा कुणी गोरा मालक तिला कामावरून काढू शकणार नाही!

रॉबिन्सनबाई पहिल्या रात्री लहान मुलांची पुस्तके घेऊन गेल्या आणि ती निरुपयोगी आहेत हे तत्काळ ओळखून त्यांनी ती बाजूला ठेवली. मी शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, असे त्यांनी सांगितले आणि तुम्हाला काय शिकायचे आहे ते विचारले. कुणाला परगावच्या मुलाचे पत्र वाचायचे होते, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला बायबल वाचायचे होते. तेच अभ्यासक्रम झाले. नाव लिहिण्याची क्लार्कबाईंची युक्ती साधी होती. पुठ्ठ्यावर मोठ्या वळणदार अक्षरांत त्या माणसाचे नाव लिहायचे आणि त्यावरून त्याने पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवायची. नांगर धरून घट्टे पडलेला हात हळूहळू वळणाला येई. मग घटनेतील अवघड शब्द, मग मत कशासाठी, कर कुठे जातो, रस्ता का होत नाही.

इथे मला थोडे स्वतःचे सांगावेसे वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आम्ही मुली गावातल्या प्रौढ बायांना शिकवायला बसत असू. त्यांतल्या एका मावशींना ‘ग म भ न’मध्ये मुळीच रस नव्हता. त्यांना बचत गटाच्या पुस्तकात आपल्या नावापुढे किती हप्ते जमा आहेत ते ओळखायचे होते. तेवढ्यासाठी त्या चार दिवसांत आकडे शिकल्या. क्लार्कबाईंची पद्धत मी पुढे वाचली तेव्हा ती मला परकी वाटली नाही.

पहिल्या वर्गाला चौदा जण आले. दोन महिन्यांनी त्यांनी जाऊन मतदार यादीत नावे घातली आणि बेटाबेटांतून शाळांची मागणी येऊ लागली. साहजिकच सरकारची वक्रदृष्टी वळली. 31 जुलै 1959 रोजी हायलँडरवर छापा पडला आणि बेकायदा दारू बाळगल्याच्या आरोपाखाली क्लार्कबाईंना अटक झाली. दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्या बाईंवर दारूचा आरोप! तो टिकला नाही. परंतु 1961 साली हायलँडर बंद करण्यात आले.

शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. किंग यांच्या दक्षिणी ख्रिस्ती नेतृत्व परिषदेने हे काम आपल्याकडे घेतले. जॉर्जिया राज्यातील डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग हे तिघे नवे शिक्षक तयार करू लागले. खेड्याखेड्यांतून माणसे येत, पाच दिवस राहत आणि गावी जाऊन स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, झाडाखाली वर्ग भरवीत. पदवीची अट नव्हती. मोठ्याने वाचता यावे, फळ्यावर लिहिता यावे आणि गावाचा विश्वास असावा, एवढे पुरे. हे काम जिवावरचे होते. मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर जून 1963 मध्ये अशाच एका शिबिराहून परतत असताना विनोना येथे पकडल्या गेल्या. तुरुंगात झालेल्या अमानुष मारहाणीच्या खुणा त्यांनी जन्मभर अंगावर वागवल्या. त्या डगमगल्या नाहीत. 1970 पर्यंत दक्षिणेत अशा सुमारे नऊशे शाळा झाल्या. 6 ऑगस्ट 1965 रोजी मताधिकाराचा कायदा झाला आणि दक्षिणेतील ती जाचक अक्षरपरीक्षा बंद पडली.

चळवळीतही स्त्रीचे स्थान दुय्यमच होते. परिषदेच्या कार्यकारिणीत ही बाई कशाला, असा प्रश्न सहकारी पुरुष विचारीत. प्रत्येक मोर्चाचे पुढारपण स्वतः करू नका, गावोगावी नवे पुढारी तयार होऊ द्या, असे बाईंनी किंग यांना पत्राने सुचवले, तेव्हा सभेत हशा पिकला. किंग यांच्याविषयी त्यांना नितांत आदर होता. 1964 साली शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी किंग ऑस्लोला गेले तेव्हा बाई त्यांच्यासमवेत होत्या. पण आदर म्हणजे मौन नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

1970 साली त्या निवृत्त झाल्या. ज्या चार्ल्सटनच्या शाळाखात्याने त्यांना काढले होते, त्याच्याच मंडळावर पुढे त्या निवडून आल्या. काढून घेतलेले निवृत्तिवेतन 1976 साली परत सुरू झाले. 15 डिसेंबर 1987 रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, जॉन्स बेटावरच त्यांनी देह ठेवला.

आपल्या देशात डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती आणि 1950 च्या संविधानाने अक्षरांची अट न घालता प्रत्येकाला मत दिले. निरक्षरांसाठी मतपेटीवर चिन्हे आली. अमेरिकेतल्या शेतमजुराला जे मिळवायला प्राण पणाला लावावे लागले, ते आपल्या आज्यांना अंगठा उठवतानाच मिळाले होते. म्हणून क्लार्कबाईंचा निम्मा प्रश्न आपल्याला पडलाच नाही. दुसरा निम्मा मात्र आपलाही आहे. मत हाती आले, पण ते कशासाठी वापरायचे, रस्त्याचा, पाण्याचा, शाळेचा जाब कुणाला विचारायचा, हे कोण शिकवणार? त्या सातशे सव्वीस शिक्षकांना वाचता येत होते; नव्हते ते एवढेच. आणि बेटावरच्या चौदा जणांपाशी ते होते. पदवीच्या वाटेवर असलेल्या आम्हा मुलामुलींना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे मला वाटते.