विश्लेषण : पायातला रक्तप्रवाह कानाने कसा कळतो? तारे पाहणाऱ्या डॉप्लर यांची कहाणी…

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम भरत नाही, पाऊल गार पडते, नाडी बोटांना लागत नाही. अशा वेळी डॉक्टर पायावर जेल लावून पेनासारखा छोटा प्रोब टेकवतात आणि यंत्रातून रक्तप्रवाहाचा आवाज येऊ लागतो. पाय वाचवता येईल का, याचा अंदाज बांधण्याची सुरुवात अनेकदा या आवाजापासून होते. या तपासणीला सगळे ‘डॉप्लर’ म्हणतात. पण ख्रिश्चन डॉप्लर हे डॉक्टर नव्हते. त्यांनी सिद्धांत मांडला तो ताऱ्यांसाठी, आणि त्यात त्यांची एक मोठी चूकही झाली होती.

पाथरवटाचा मुलगा गणिताकडे कसा वळला?

डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. घराण्याचा पिढीजात व्यवसाय दगडकामाचा. मात्र प्रकृती नाजूक असल्याने छिन्नी-हातोडा त्यांना झेपणारा नव्हता. गणितातील गती पाहून त्यांना व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये पाठवण्यात आले. पुढे तिथेच साहाय्यकाची नोकरी मिळाली, पण ती मुदतीची होती. मुदत संपल्यावर त्यांनी सूतगिरणीत हिशेबनीस म्हणून दिवस काढले. कायमची जागा मिळेना, म्हणून अमेरिकेला जाण्याची तयारीही केली. तेवढ्यात १८३५ मध्ये प्रागमधील एका माध्यमिक शाळेत शिक्षकाची जागा मिळाली आणि तो बेत राहिला. १८४१ मध्ये ते प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले.

१८४२ चा सिद्धांत नेमका काय?

२५ मे १८४२ रोजी प्रागमधील विज्ञान संस्थेत मोजक्या श्रोत्यांसमोर डॉप्लर यांनी दुहेरी ताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची वारंवारिता वाढलेली भासते, दूर जात असेल तर घटलेली, हे त्याचे सार. फलाटावर उभे असताना शिट्टी वाजवत येणारी गाडी पुढे निघून जाताच शिट्टीचा सूर एकदम खाली उतरतो, तो याच कारणाने. डॉप्लर यांनी यावरून ताऱ्यांचे रंगही त्यांच्या गतीमुळे दिसतात, असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. ताऱ्याचा रंग प्रामुख्याने त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर ठरतो. सिद्धांत बरोबर, पण दिलेले उदाहरण चूक, असा हा विचित्र प्रकार होता.

मग तो खरा कसा ठरला?

डच शास्त्रज्ञ बाइस बॅलॉट यांना ताऱ्यांच्या रंगांचा हा खुलासा पटला नव्हता. सिद्धांत आवाजावर तपासून पाहावा म्हणून त्यांनी १८४५ मध्ये उट्रेख्टजवळच्या रेल्वेमार्गावर प्रयोग केला. फेब्रुवारीतला प्रयत्न खराब हवामानामुळे फसला, जूनमधला यशस्वी झाला. धावत्या गाडीवर तुतारीवादक एकच सूर धरून होते आणि रुळांच्या कडेला उभे असलेले वादक तो ऐकत होते. सूर किती चढला, किती उतरला, हे अचूक सांगणारे उपकरण तेव्हा हाताशी नव्हते. त्यामुळे संगीतात तयार झालेले कान हेच मोजमापाचे साधन ठरले. आवाजाच्या बाबतीत डॉप्लर खरे ठरले. ताऱ्यांच्या रंगांबद्दलची शंका मात्र बॅलॉट यांनी सोडली नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

प्रागमध्ये शेकडो विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे ओझे डॉप्लर यांच्यावर होते. ते फार कडक परीक्षा घेतात अशी तक्रार झाली आणि त्यांना समजही देण्यात आली. प्रकृती ढासळत होती. १८४७ मध्ये ते आजच्या स्लोव्हाकियातील खाणकाम अकादमीत गेले, पण तिथल्या क्रांतीच्या धामधुमीमुळे व्हिएन्नाला परतले. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या नव्या भौतिकशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. पुढे वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडणारे ग्रेगोर मेंडेल तिथे त्यांचे विद्यार्थी होते. १८५२ मध्ये गणितज्ञ पेट्झव्हाल यांनी इतक्या साध्या समीकरणातून मोठा सिद्धांत निघूच शकत नाही, अशा सुरात जाहीर टीका केली. त्याच वर्षाच्या अखेरीस छातीच्या विकाराने बेजार झालेले डॉप्लर हवापालटासाठी व्हेनिसला गेले. १७ मार्च १८५३ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९.

ताऱ्यांकडून धमन्यांकडे?

यानंतर शंभरेक वर्षांनी, १९५० च्या दशकात, जपानच्या ओसाकामध्ये शिगेओ सातोमुरा यांनी हाच सिद्धांत शरीरावर वापरला. आधी हृदयाची हालचाल आणि १९५९ पर्यंत हातापायांच्या धमन्यांतील प्रवाह त्यांनी अल्ट्रासाऊंडने टिपला. अमेरिकेतील सिएटल येथे शल्यचिकित्सक यूजीन स्ट्रँडनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पायांच्या धमन्यांसाठी त्याचा वापर रुजवला. १९७० च्या दशकात चित्र आणि प्रवाह एकत्र दाखवणारे डुप्लेक्स यंत्र आले. इथे गाडीच्या जागी असतात धावत्या रक्तपेशी. प्रोबमधून निघालेल्या लहरी कानाला ऐकू येत नाहीत, पण पेशींवरून परतताना त्यांच्या वारंवारितेत पडणारा फरक बहुधा ऐकू येण्याजोगा असतो. यंत्र तोच फरक ऐकवते.

प्रत्यक्ष सराव कशासाठी?

सूत्र पाठ करता येते, पण कोन हाताला कळावा लागतो. रक्ताचा वेग काढताना प्रोबची लहर आणि रक्तवाहिनी यांच्यातील कोन हिशेबात धरतात. खरा कोन ३० अंश असताना ३५ धरला, तर वेग सुमारे ६ टक्के जास्त येतो. ६० ऐवजी ६५ धरला, तर हीच चूक सुमारे १८ टक्क्यांवर जाते. म्हणूनच कोन ६० अंशांच्या आत ठेवण्यावर प्रशिक्षणात भर असतो. अशी एक चूक नसलेला अडथळा दाखवू शकते किंवा असलेला लपवू शकते.

दाबाचेही तसेच. निरोगी शीर प्रोबने हलके दाबताच पूर्ण मिटते, गुठळी असेल तर मिटत नाही. गुठळी शोधण्याची हीच मुख्य खूण. पण नकळत जोर पडला तर निरोगी शीरही मिटून पडद्यावरून नाहीशी होते.

आणि कान? पायाच्या निरोगी धमनीचा आवाज साधारण तीन टप्प्यांचा असतो : रक्त पुढे, क्षणभर मागे, पुन्हा पुढे. वर कुठे मोठा अडथळा असेल तर खाली एकाच टप्प्याचा मंद आवाज उरतो. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी असेल तर धमनीच्या आजाराची शक्यता असते. पण जुन्या मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. अशा वेळी आवाजातला फरक ओळखणारा कान उपयोगी पडतो, आणि तो अनुभवी डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून, अनेक पाय तपासूनच तयार होतो. उट्रेख्टच्या रुळांवर डॉप्लर यांना खरे ठरवले ते अशाच तयार कानांनी.