बाबासाहेबांची नोकरी आणि राहिलेले शिक्षण

आपल्या विहारात वंदनेला येणारी कितीतरी मुले-मुली दिवसा नोकरी करून सकाळी नाहीतर रात्री कॉलेज करतात. त्यांच्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनातला एक छोटा काळ आम्ही येथे सांगत आहोत. महाड, नागपूर सर्वांना पाठ आहे. सिडनहॅम कॉलेजातल्या दीड वर्षाबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

१९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. विद्यापीठाने पुन्हा येण्यासाठी ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांची सवलत दिली होती. तेवढ्यात पैसा जमला नाही तर केलेला अभ्यास पाण्यात जाणार होता. करारामुळे बडोद्याची नोकरी धरली, पण तिथे शिपाईसुद्धा फाइली लांबून फेकत आणि राहायला जागा मिळेना. ती नोकरी सोडून ते मुंबईला आले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. वाटले असते तर चांगले घर घेऊन साहेबी थाटात राहता आले असते. पण बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले. पगारातले ठरावीक पैसे माता रमाईंच्या हाती घरखर्चाला द्यायचे आणि उरलेले लंडनसाठी बाजूला टाकायचे, असा हिशेब होता. त्या बचतीत रमाईंचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो. तेवढ्या पैशात घर त्यांनीच निभावले.

कॉलेजातही सगळे गोड नव्हते. हा अस्पृश्य काय शिकवणार, म्हणून विद्यार्थी आधी लक्ष देत नसत. पुढे त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुलेही येऊन बसू लागली. तरी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांची हरकत होतीच! समाजाचे कामही थांबले नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. सरकारी नोकरीत असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते.

मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज घेऊन ते जुलैमध्ये लंडनला निघाले. मुदतीच्या आत पोहोचले. सकाळपासून बंद होईपर्यंत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, रात्री भाजलेल्या पापडावर भूक मारून पुन्हा वाचन. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. परत आल्यावर वकिली चालेना, तेव्हा १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकवून घर चालवले.

पोटाची सोय करता करता शिकणे काय असते, हे त्यांनी स्वतः सोसले होते. २० जून १९४६ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. तास आटोपून पोरांना तसेच कामावर जाता यावे म्हणून.