बोलपटाच्या आवाजाचे शिल्पकार : विष्णुपंत दामले

‘संत तुकाराम’ म्हटले की विष्णुपंत पागनीसांची सात्त्विक मुद्रा आणि गौरीबाईंची फटकळ जिजाई डोळ्यांपुढे उभी राहते. या चित्रपटाचे एक दिग्दर्शक म्हणून विष्णुपंत गोविंद दामले यांचे नाव रसिकांना ठाऊक आहे. मात्र दिग्दर्शनाइतकेच मोलाचे काम त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत केले. ‘प्रभात’चे बोलपट शब्दन् शब्द ऐकू येणारे म्हणून नावाजले गेले, त्यामागे दामल्यांचे कान आणि हात होते.

दामल्यांचा जन्म १८९२ मध्ये पेण येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते आनंदराव आणि बाबुराव पेंटर या बंधूंकडे आले आणि नाटकांचे पडदे रंगविण्यात तयार झाले. याच काळात त्यांना यंत्राचे वेड लागले. आनंदरावांचे १९१६ साली निधन झाल्यावर बाबुरावांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. त्या खटाटोपात दामले त्यांचे उजवे हात होते. परदेशी यंत्र उघडून त्याचे मर्म समजून घ्यायचे आणि जमेल तेवढे इथेच घडवायचे, हे शिक्षण त्यांना कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नसते. महाराष्ट्र फिल्म कंपनीत असतानाच साहेबमामा फत्तेलाल यांच्याशी त्यांची जोडी जमली. १९२८ मध्ये या दोघांनी ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सराफीच्या व्यवसायातील सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. मूकपटांनी कंपनीचा जम बसतो न बसतो तोच १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. मूकपटांचे दिवस भरले होते. ‘प्रभात’ला बोलपटाकडे वळणे भाग होते, पण आवाजाचे यंत्र महागडे, त्याची विद्या नवी, आणि ते फसले तर कंपनीच बुडण्याची भीती. ही जबाबदारी अंगावर घेतली ती चित्रकार म्हणून घडलेल्या दामल्यांनी.

हे काम किती नाजूक होते, हे समजण्यासाठी त्या काळच्या यंत्रणेकडे पाहिले पाहिजे. नटाचा आवाज मायक्रोफोनवर पडला की त्यातून निघणारा विद्युत्प्रवाह अत्यंत क्षीण असतो. त्यावर चित्रफितीच्या कडेला ध्वनिरेषा उमटविणारा प्रकाश हलविता येत नाही. म्हणून तो प्रवाह आधी व्हॉल्व्हच्या साहाय्याने वाढवावा लागे. काचेच्या नळीतील तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात, मधल्या जाळीवर आलेला क्षीण संकेत त्यांच्या लोंढ्याला आवर घालतो अथवा मोकळी वाट देतो, आणि पलीकडे त्याच संकेताची कित्येक पटींनी मोठी प्रतिकृती मिळते. ही पहिली पायरी म्हणजेच प्री-अॅम्प्लिफायर. येथे शिरलेली घरघर किंवा खरखर पुढच्या प्रत्येक टप्प्यात आवाजाबरोबरच वाढत जाते आणि नंतर निपटून काढता येत नाही. व्हॉल्व्हला धक्का लागला तरी त्याचा नाद ध्वनिपट्टीवर उमटतो. त्यामुळे कोणता व्हॉल्व्ह पहिल्या जागी बसवावा, तो किती स्वच्छ आहे, त्याला मिळणारा वीजपुरवठा स्थिर आहे का, या प्रश्नांवर चित्रपटाचे भवितव्य अवलंबून असे.

त्यात पार्श्वगायनाची पद्धत रुळली नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर गात, वादक चौकटीबाहेर बसून साथ करीत आणि सारे एकदमच मुद्रित होई. मायक्रोफोन गायकाजवळ आणावा तर तो चित्रात दिसे, दूर न्यावा तर शब्द विरून जात. नंतर दुरुस्तीची सोय जवळपास नव्हती.

अशा परिस्थितीत १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या भूमिका, टेंब्यांचेच संगीत आणि दामल्यांचे ध्वनिमुद्रण. हा बोलपट प्रेक्षकांनी उचलून धरला आणि ‘प्रभात’ तरली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. तेथेही ध्वनिविभागाची सूत्रे दामल्यांच्याच हाती राहिली.

१९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये या साऱ्या साधनेचे फळ दिसते. अभंग हा चित्रपटाचा प्राण होता. त्यातील अक्षर पुसट झाले असते तर चित्रपटच मुका झाला असता. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. पुढे दामले-फत्तेलाल जोडीने ‘गोपालकृष्ण’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ दिग्दर्शित केले. ‘संत सखू’च्या दिग्दर्शनातही ही जोडी होती.

१९४२ मध्ये शांतारामांनी ‘प्रभात’ सोडली आणि ५ जुलै १९४५ रोजी दामल्यांचे निधन झाले. आधारस्तंभ एकेक करून ढळले. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. पुढे तिच्याच वास्तूत आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट उभी राहिली.

व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, तरी घरी तबकड्या ऐकणारे अनेक शौकीन आजही व्हॉल्व्हचा प्री-अॅम्प्लिफायर आवर्जून निवडतात. तबकडीवरील सुईकडून येणारा संकेतही काही सहस्रांश व्होल्टचाच असतो. म्हणून दिमाखदार पेटी आणि चमकत्या नळ्या यांना भुलण्याआधी पहिला टप्पा किती शांत आहे, सुईला साजेसे वर्धन मिळते का आणि वीजपुरवठा नितळ आहे का, हे पाहणे श्रेयस्कर. कोल्हापूरच्या स्टुडिओत दामल्यांपुढे असलेली कसोटी याहून वेगळी नव्हती. फरक एवढाच की, तेथे निवड चुकली असती तर एका घरातली मैफल नव्हे, एक अख्खी चित्रसंस्था बसली असती.